निवासी डॉक्टरांवरील कामाचा ताण

एमबीबीएसनंतर एमडी किंवा एमएस करताना सरकारी अथवा महापालिका रुग्णालयात तीन वर्षे राबणाऱ्या डॉक्टरांना निवासी डॉक्टर म्हणतात. ते विद्यार्थीही असतात आणि कर्मचारीही. विद्यावेतन घेतात, परीक्षा देतात आणि रात्री अख्खा वॉर्ड सांभाळतात. त्यांच्या ताणावर उपाय म्हणून बहुधा योग, ध्यान आणि समुपदेशनाची शिबिरे भरतात. प्रश्न मात्र मुख्यतः ड्युटीच्या तक्त्याचा, अपुऱ्या माणसांचा आणि झोपायच्या जागेचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतही ‘बर्नआउट’ची, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून जाण्याची, नोंद आजार म्हणून नाही, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून आहे.

महाराष्ट्रातील मोठ्या रुग्णालयांत प्रत्येक विभागाची युनिटे, म्हणजे डॉक्टरांची पथके, असतात आणि प्रत्येक युनिटला ‘इमर्जन्सी’चा दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी सकाळी कामावर आलेला पहिल्या वर्षाचा निवासी, म्हणजे ‘जेआर वन’, रात्रभर कॅज्युअल्टीतून येणारे रुग्ण भरती करून घेतो आणि दुसऱ्या सकाळी वरिष्ठांच्या राउंडला पुन्हा उभा असतो. ‘पोस्ट-इमर्जन्सी’चा दिवस नावापुरता, आदल्या रात्रीची उरलेली कामे त्यातच उपसायची असतात. नमुने प्रयोगशाळेत पोचवणे, रक्तपेढीतून पिशवी आणणे, कक्षसेवक नसेल तर ट्रॉली ढकलणे हेही त्याच्याच गळ्यात पडते. ज्येष्ठतेची उतरंड इतकी कडक की ‘झेपत नाही’ असे म्हणायची सोय नसते. पुढच्या वर्षी नवी तुकडी आली की आपण सुटू, या हिशेबावर ही पद्धत टिकून आहे.

सलग 17 तास जागलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते, असे ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड यांनी 1997 मध्ये दाखवले. भारतात गाडी चालवण्यासाठीची मर्यादा याहून कमी, 0.03 टक्के आहे. शिरेत सुई घालण्यासाठी अशी मर्यादा कोणी घातलेली नाही.

कामाच्या तासांचा प्रश्न ऐरणीवर आला तो न्यूयॉर्कमध्ये. मार्च 1984 मध्ये लिबी झायन ही 18 वर्षांची तरुणी रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांतच दगावली. तिच्यावर उपचार करणारे निवासी डॉक्टर दीर्घ पाळीवर होते आणि त्यांच्यावर ज्येष्ठांची देखरेख अपुरी होती. तिच्या वडिलांनी प्रकरण लावून धरले. 1989 पासून त्या राज्यात आठवड्याला 80 तास आणि सलग 24 तासांची मर्यादा लागू झाली; 2003 मध्ये 80 तासांचा नियम अमेरिकाभर आला. युरोपीय संघाचा 48 तासांचा नियम ब्रिटनमधील कनिष्ठ डॉक्टरांना 2009 पासून पूर्णपणे लागू झाला.

तास कमी केले की पाळ्या वाढतात आणि रुग्ण अधिक वेळा एका हातातून दुसऱ्या हातात जातो. घाईत दिलेल्या ‘हँडओव्हर’मध्ये, म्हणजे पाळी बदलताना रुग्णाची माहिती सोपवताना, एखादे औषध किंवा तपासणी सांगायची राहून जाते. ठरावीक साच्यात हँडओव्हर देण्याचे प्रशिक्षण अमेरिका आणि कॅनडातील नऊ रुग्णालयांत दिले, तेव्हा वैद्यकीय चुका 23 टक्क्यांनी घटल्याचे 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणूनच तासांची मर्यादा आणि हँडओव्हरची शिस्त या दोन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो.

भारतात नियम नाही असे नाही. केंद्र सरकारच्या 1992 च्या निवासी योजनेत साधारणपणे आठवड्याला 48 तास आणि सलग 12 तासांहून अधिक काम नको, असे म्हटले आहे. हा कागद तीस वर्षांहून जुना आहे. त्याप्रमाणे चालणारे युनिट शोधावे लागेल. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या नियमावलीत ‘वाजवी’ तास आणि ‘वाजवी’ विश्रांती असे शब्द आले, वर्षाला किमान 20 दिवसांची किरकोळ रजा आली, पण साप्ताहिक सुटी कामाच्या निकडीवर सोडली. वाजवी म्हणजे किती, हे विभागप्रमुखच ठरवणार. आयोगाच्या कृतिदलाने 2024 मध्ये आठवड्याला 74 तासांची कमाल मर्यादा सुचवली.

ताणाचे दुसरे कारण वॉर्डाच्या दारात उभे असते. रुग्ण दगावला की नातेवाइकांचा राग समोर दिसणाऱ्या सर्वांत कनिष्ठ डॉक्टरवर निघतो. महाराष्ट्रात 2010 पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे: गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, 50 हजार रुपयांपर्यंत दंड. तरीही मार्च 2017 मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला जबर मारहाण झाली आणि राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. त्यानंतर सुरक्षारक्षक वाढवण्यावर आणि नातेवाइकांना पास देण्यावर भर आला. पासाची पद्धत दिसायला किरकोळ, पण रात्री दोनला वॉर्डात रुग्णामागे दोन माणसे आहेत की वीस, यावर बरेच अवलंबून असते.

निवासी डॉक्टरांची संघटना ‘मार्ड’ वेळोवेळी संपावर गेली, तेव्हा सुरक्षेबरोबरच वसतिगृह आणि वेळेवर विद्यावेतन या मागण्या पुढे आल्या. एका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्यांना ड्युटी संपली तरी झोप मिळत नाही. समुपदेशनाची गरज अर्थातच आहे. ‘टेलि-मानस’ची 14416 ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. आपल्याच महाविद्यालयातील मानसोपचार विभागात जायला मात्र अनेक जण कचरतात, कारण तिथला डॉक्टर बहुधा मेसमध्ये शेजारी जेवणारा असतो आणि परीक्षा घेणारे प्राध्यापकही त्याच इमारतीत बसतात.