रविवारच्या शाळेचे शिक्षक आणि बाहेरून आलेला मिशनरी: कोकणातली पार्श्वभूमी

कोकणातल्या लहान लहान ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये रविवारच्या शाळेच्या, म्हणजे मुलांना बायबल शिकवणाऱ्या वर्गांच्या, शिक्षकांची शिबिरं भरतात, तेव्हा शिकवायला उभी राहणारी व्यक्ती बऱ्याचदा बाहेरची असते. मराठी ही तिची दुसरी भाषा असते, कधी तिसरी. मग चहाच्या वेळेला एक कुरकुर ठरलेली: ज्यांना स्वतःला मराठी धड बोलता येत नाही, ते आमच्या शिक्षकांना काय शिकवणार? ही कुरकुर दोनशे वर्षं जुनी आहे. पण ती चुकीच्या बाजूने केली जाते. मिशनऱ्याला मराठी सफाईने आली असती, तर त्याने पोरांना स्वतःच शिकवलं असतं. स्थानिक शिक्षक तयार करण्याची वेळ त्याच्यावर आली, त्यात त्याच्या अडखळत्या मराठीचा मोठा वाटा आहे.

फार मागे जायचं तर गोव्यापर्यंत जावं लागतं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९मध्ये गोव्यात आला आणि १६१६मध्ये त्याचं ख्रिस्तपुराण छापून झालं, सुमारे ११ हजार मराठी ओव्यांचं, रोमन लिपीत. मुलांना धर्मतत्त्वं शिकवण्यासाठी त्याने कोकणीत प्रश्नोत्तरं लिहिली, ती त्याच्या मृत्यूनंतर १६२२मध्ये निघाली. पाठांतराला कोकणी आणि पारायणाला मराठी, ही वाटणी त्याने कोणाचा सल्ला घेऊन केली ते बाजूला ठेवू. परक्या माणसाने इतकी मराठी कमावल्याची उदाहरणं विरळाच, म्हणून त्याला मोजपट्टी करण्यात अर्थ नाही. १६८४मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं आणि तो धागा तिथेच विरला.

आजच्या शिबिरांची वंशावळ सुरू होते ती १८२३पासून, बाणकोट आणि हर्णैहून. एका स्कॉटिश संस्थेची माणसं तिथे उतरली. पहिला जण त्याच वर्षी वारला, बाकीच्यांनी खाडीकाठच्या गावांमध्ये शाळा काढल्या. मुंबईत चौपाटीसमोर ज्याच्या नावाचं कॉलेज उभं आहे, त्या जॉन विल्सननेही १८२९मध्ये हर्णै-बाणकोटलाच राहून मराठी गिरवली. पुढे हे मिशन घाट चढून पुण्याला आणि बोटीने मुंबईला गेलं, आणि कोकणात मागे राहिल्या त्या शाळांच्या आठवणी. उत्तरेकडे अलिबाग-रेवदंडा भागात मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या शाळा होत्या. तिथेही तीच पद्धत: मिशनरी एक, गावं अनेक, आणि वर्गात उभा राहणारा गावचाच पंतोजी.

हा पंतोजी ख्रिस्ती नव्हता. बहुतेक ठिकाणी ब्राह्मण, अलिबागच्या बाजूला बऱ्याचदा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. मुलांना तो अक्षरं, पाढे, हिशेब शिकवायचा आणि त्याच जोडीला मिशनने छापलेल्या पुस्तकांतून दहा आज्ञा, येशूचे दाखले, प्रश्नोत्तरं घोकून घ्यायचा. मिशनरी फेरीवर आला की परीक्षा व्हायची. मिशनऱ्याची खरी शिकवणी या पंतोज्यांचीच होती: त्यांना जमवून पुढचा धडा समजावून सांगायचा, त्यांचे प्रश्न ऐकायचे, आणि त्यांच्याकडूनच आपली मराठी दुरुस्त करून घ्यायची. कोकणातला पहिला शिक्षक-प्रशिक्षण वर्ग कुठला, असं कोणी विचारलं तर मी याच बैठकांकडे बोट दाखवेन, भले त्यात रविवारची शाळा हे नाव नसो आणि शिकणारा एकही ख्रिस्ती नसो.

यातलं बेने इस्राएलांचं प्रकरण तर विलक्षणच. ही माणसं घरी मराठी बोलणारी, गावात शनिवार तेली म्हणून ओळखली जाणारी, आणि जुन्या करारातल्या निम्म्या गोष्टी त्यांच्या घरच्या. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एलियाहू हनाबीचा टापा, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या येण्याची खूण, आजही दाखवतात. एलियाची गोष्ट मुलांना सांगायला तिथल्या मास्तराला कुठल्याही परदेशी पाद्र्याची गरज नव्हती. उलट मिशनऱ्यांनीच त्यांच्यासाठी १८३२मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. शनिवार पाळणाऱ्या मास्तराने रविवारवाल्यांच्या शाळेत शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवावं, ही सोय अशी काही दशकं चालली.

मग आला तो निर्णय, ज्यावर अजून एकमत नाही. १८५४च्या अखेरीस अमेरिकन मिशनच्या मुख्यालयातून, बॉस्टनहून, दोघांचं शिष्टमंडळ मुंबईला आलं आणि नगरला मिशनऱ्यांशी लांबलचक चर्चा झाली. निष्कर्ष असे: इंग्रजी शाळा आवरत्या घ्या, प्रचार आणि गावमंडळ्या यांवर जोर द्या, आणि ज्या शाळांमध्ये शिक्षक ख्रिस्ती नाही त्या सोडून द्या. त्यामागचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. ज्याचा विश्वास नाही त्याने विश्वासाचे धडे पाठ करून घ्यायचे, ही विसंगती कोणालाही दिसेल. मुलं प्रश्नोत्तरं पोपटासारखी म्हणतात, मिशनरी खूश होऊन पुढच्या गावाला जातो, आणि त्याची पाठ फिरताच मास्तर पुस्तक फडताळात ठेवतो, अशी तक्रार मिशनऱ्यांमध्येही होतीच. पैसा दूरच्या देणगीदारांचा. त्यांनी हिशेब मागितला तर उत्तर काय द्यायचं?

दुसरी बाजू मात्र त्या चर्चेत पुरेशी मांडली गेली असं वाटत नाही. एक तर ही शाळा म्हणजे मिशनऱ्याला गावात शिरायचं बहुधा एकमेव कारण होतं. ती गेल्यावर तो चावडीसमोर उभा राहून प्रवचन करणारा परका माणूस उरला. दुसरं असं की, पंतोज्याला धडा समजावताना मिशनऱ्याच्या मराठीची रोज कसोटी लागायची. ‘हे वाक्य मुलांना कळणार नाही, साहेब,’ असं म्हणण्याचा हक्क असलेला माणूस त्या नात्यात होता. पुढे जे शिक्षक आले ते मिशनच्या पगारावर, मिशनच्या वसतिगृहात वाढलेले, मिशनऱ्याला मायबाप म्हणणारे. त्यांनी साहेबाचं मराठी सुधारायची पद्धत हळूहळू संपली. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत जी एक वेगळीच, किंचित लाकडी, ‘मिशनची मराठी’ म्हणून थट्टेचा विषय झाली, तिच्या घडणीत या निर्णयाचा हात आहे असं माझं मत आहे. निर्णयाच्या समर्थकांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, तो झाला नसता तर आपल्यातले शिक्षक कधी पुढे आलेच नसते. त्यात तथ्य आहे, पण नगरकडे. तिथे गावोगाव मंडळ्या होत्या. कोकणात एकेका ठिकाणी मोजकी घरं. शिक्षक आणायचे कुठून?

त्याच १८५४ सालच्या सरकारी खलित्याने दुसरीकडून ढकललं. खासगी शाळांना अनुदान मिळू लागलं, पण तपासनीस बघणार ते फक्त व्यावहारिक विषय. मिशन शाळांना अनुदान हवं होतं, त्यामुळे शास्त्राचा तास वेळापत्रकाच्या कडेला सरकत गेला. दापोलीच्या मिशन हायस्कुलातून पां. वा. काणे आणि साने गुरुजी शिकून बाहेर पडले, यावरून त्या शाळांचा कल कुठे होता ते कळतं. मुलांच्या धर्मशिक्षणाला आता स्वतःची वेगळी जागा लागणार होती, आणि ती मिळाली रविवारी.

अठराशे सत्तरच्या दशकात हे सगळं साच्यात बसलं. अमेरिकेत १८७२मध्ये ठरलं की सगळ्या वयाच्या मुलांनी सगळीकडे एका रविवारी एकच धडा शिकायचा. सात वर्षांत सगळं शास्त्र फिरून यायचं. १८७६मध्ये अलाहाबादेत रविवारच्या शाळांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि देशी भाषांतून धड्यांची टिपणं निघू लागली. मराठी मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ १८७३पासून होताच. परदेशातल्या शाळांमध्ये वापरून झालेली रंगीत चित्रकार्डं पेट्या भरून इकडे यायची, आणि रत्नागिरीसारख्या गावात ख्रिस्ती नसलेली मुलंही कार्डासाठी वर्गाला बसायची.

शिक्षकांची तयारी व्हायची शनिवारी संध्याकाळी. हे काम बहुतेक मिशनरी बायकांकडे असे. समोर कोण? पाळकाची बायको, घरोघर जाऊन बायबल सांगणारी ‘बायबल बाई’, वसतिगृहातल्या मोठ्या मुली, दवाखान्यातला कंपाउंडर. रत्नागिरीला १८७३मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन ठाणं झालं, पुढे वेंगुर्ल्यालाही, आणि वेंगुर्ल्याच्या दवाखान्याने असे बरेच शिक्षक पुरवले. मडमबाई धडा वाचून दाखवणार, मुद्दे काढून देणार, मग एकेकाने उभं राहून तीच गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची. या शेवटच्या भागात वर्गाचा जीव होता. मडमबाईने दोन वर्षांच्या दोन भाषापरीक्षा दिलेल्या असत, त्याही पुस्तकी मराठीच्या. समोरची बाई मालवणीत किंवा संगमेश्वरीत रंगून गोष्ट सांगू लागली की तिला निम्मं कळायचं नाही. चूक काढायची कोणी? बाकीच्या शिक्षकांनी. ‘उधळ्या पुत्राचा बापूस असो बोलतलो काय?’ असं एकमेकींना विचारण्यातून जे शिकणं होई, ते टिपणांमध्ये कुठेच नव्हतं.

बोटींचीही एक अडचण होती. किनाऱ्यावरची आगबोट पावसाळ्यात बंद, त्यामुळे जुलै ते सप्टेंबरचे धडे मे अखेर हाती पडले तर ठीक, नाहीतर घाटातून येणाऱ्या टपालाची वाट पाहायची. तोवर शिक्षक आपल्याला येणारी गाणी घ्यायचे. गाण्यांचा हा आधार पुढे फार वाढला तो नारायण वामन टिळकांमुळे. ते मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, १८९५मध्ये ख्रिस्ती झालेले. अभंगाच्या वळणाची त्यांची गीतं आल्यावर इंग्रजी चालीत कोंबलेल्या भाषांतरांची सद्दी ओसरली, आणि शिक्षकाला निदान वर्गाची सुरुवात तरी स्वतःच्या सुरात करता येऊ लागली.

विसाव्या शतकात वयानुसार वेगळे धडे आले, बालमानसशास्त्र आलं, शिक्षकांच्या परीक्षा आणि प्रमाणपत्रं आली. कोकणात यातलं थोडंच रुजलं. दहाबारा मुलं, त्यात सहा वर्षांचं एक आणि पंधराचं एक, सगळी एकाच सतरंजीवर. त्यांना सगळ्यांसाठी एकच धडा ही जुनी पद्धतच परवडायची. शिक्षणतज्ज्ञांनी तिला कितीही नावं ठेवली तरी ती इथे त्यांच्यापेक्षा जास्त टिकली. चाकरमान्यांची पोरं मे महिन्यात गावी येतात तेव्हाच वर्ग भरलेला दिसतो. म्हणून १९५०नंतर सुट्टीतल्या बायबल शाळेची कल्पना भारतभर पसरली तेव्हा ती इथे चटकन चिकटली.

राज्यघटनेच्या कलम २८ने अनुदानित शाळांमध्ये धर्मशिक्षणाची सक्ती बंद केली आणि रविवारचं महत्त्व आणखी वाढलं. परदेशी मिशनरी एकेक करून परतले. १९७०मध्ये नागपुरात सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी राहिली. जागा भरली ती केरळ, तमिळनाडू आणि ईशान्येकडून आलेल्यांनी, आणि १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर दक्षिणेकडून येणं आणखीच सोपं झालं. भाषेचा प्रश्न राहिला, पण त्याचा चेहरा बदलला. मल्याळी किंवा तमिळ माणूस ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांत सहसा घोटाळा करत नाही, त्याच्या भाषेतच तो भेद आहे. साहेबाला तो आयुष्यभर छळत असे. मात्र खुर्ची ‘ती’ आणि टेबल ‘ते’ का, इथे दोघेही अडतात. ‘साहेब’ म्हणून मिळणारी सूट दक्षिणेकडच्या ‘ब्रदर’ला मिळत नाही. गोऱ्याचं अशुद्ध मराठी कौतुकाचं आणि मद्राशाचं हसण्याचं, हा दुटप्पीपणा मंडळ्यांमध्ये उघडपणे कोणी बोलत नाही.

शिबिराचा विषयही आता निव्वळ धड्यापुरता नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्यानंतर मुलांच्या सुरक्षिततेवर एक तास ठेवावा लागतो, आणि कायद्याची भाषा मिशनऱ्यालाही कळत नाही आणि शिक्षिकेलाही. तिकडे वर्गातली मुलंही बदलली आहेत. हर्णै, मिरकरवाडा इथल्या बोटींवर नेपाळी खलाशी आहेत, हापूसच्या बागांना नेपाळी राखणदार आहेत, आणि त्यांची मुलं मराठी शाळेत जातात, काही रविवारीही येऊन बसतात. अशा वर्गात मराठी दुसरी भाषा असते ती प्रशिक्षण देणाऱ्याची आणि समोर बसलेल्या काही मुलांचीही. मधल्या शिक्षिकेची मात्र ती घरची, आणि परक्याला मराठी कुठे अडते हे ओळखायला तिला कोणी शिकवलेलं नसतं. ते तिला शिबिरातला बाहेरचा माणूसच दाखवू शकतो.