रिंगर बादली

फरशी पुसण्याचा मॉप पाण्यात बुडवणे आणि हात न लावता तो पिळणे, ही दोन्ही कामे करणाऱ्या बादलीला रिंगर बादली म्हणतात. पिळण्याची यंत्रणा, म्हणजे रिंगर, बादलीच्या काठावर, तोंडात किंवा शेजारच्या कप्प्यात बसवलेली असते. घरात तिला नुसती मॉपची बादली म्हणतात. हॉटेले, रुग्णालये, विमानतळ अशा ठिकाणी चाकांवर फिरणाऱ्या मोठ्या बादलीला मॉप ट्रॉली म्हणण्याची पद्धत आहे.

नाव बादलीचे असले तरी खरे काम रिंगरचे. पाणी कशातही भरता येते. मॉपमध्ये किती पाणी ठेवायचे हे पुसणाऱ्याच्या हाती देणे, यासाठी हे साधन आहे. तिच्या रचनेतले जवळजवळ सगळे बदलही याच एका गोष्टीभोवती झाले आहेत.

पिळायचे कशासाठी

फरशी पुसणे म्हणजे फरशीला पाणी लावणे, अशी एक ढोबळ समजूत असते. पाणी लावणे हा त्यातला सोपा भाग. पाण्याने धूळ सुटते, मळ सैल होतो आणि तिथेच राहतो. तो उचलून न्यायचा तर मॉपच्या धाग्यांमध्ये जागा रिकामी हवी. धाग्यांमधल्या बारीक फटी केशाकर्षणाने पाणी ओढून घेतात आणि त्यासोबत मळही येतो. ओथंबलेल्या मॉपच्या फटी आधीच भरलेल्या असतात, त्यामुळे तो मळ उचलत नाही, इकडून तिकडे सारतो. फरशी वाळली की मॉपच्या फेऱ्यांचे वळसे करड्या रेघांनी उमटलेले दिसतात, ते यामुळेच.

जास्त पाण्याचे इतरही तोटे आहेत. फरशी वाळायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ ती निसरडी राहते. लाकडी फरशी फुगते, तिचे सांधे उचलले जातात. फरशांमधल्या सांध्यांत गढूळ पाणी मुरून ते काळे पडतात. साबणाचे पाणी जास्त झाले आणि नीट उचलले गेले नाही, तर वाळल्यावर त्याचा चिकट थर राहतो आणि नवी धूळ त्यालाच आधी चिकटते. तक्रार मात्र होते ती साबण कमी पडल्याची.

म्हणून नेहमीच्या पुसण्यासाठी मॉप ओलसर असावा, उचलल्यावर त्यातून थेंब पडू नये. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. जंतुनाशकाने फरशी पुसताना ते द्रावण ठरावीक वेळ फरशीवर ओले राहावे लागते. हा वेळ औषधाप्रमाणे बदलतो, काहींसाठी १० मिनिटांपर्यंत असतो, आणि तो डब्यावर छापलेला असतो. मॉप कोरडाठाक पिळला तर फरशी मिनिटभरात वाळते आणि औषध वाया जाते. चांगल्या रिंगरची कसोटी इथे लागते. त्याने कमीही पिळता आले पाहिजे आणि जास्तही, आणि दोन्ही वेळा सगळा मॉप सारखा पिळला गेला पाहिजे.

गुडघ्यांवरून पायांवर

दांड्याला कापड किंवा सूत बांधून जमीन पुसणे जुनेच. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या जेकब हाउ यांना मॉपचे कापड धरणाऱ्या पकडीचे पेटंट १८३७ मध्ये मिळाले. मिशिगनमधल्या कॅलमझू गावचे आफ्रिकन-अमेरिकन संशोधक थॉमस स्टुअर्ट यांनी १८९३ मध्ये पेटंट घेतलेल्या मॉपला पाणी दाबून काढणारा तरफेचा दांडा होता. कपडे पिळण्यासाठी दोन रुळांची यंत्रे त्या काळात घरोघर येऊ लागली होती. तेच रूळ लहान करून बादलीच्या काठावर बसवायचे, एवढीच पुढची पायरी होती.

या साधनाने समाजात काय बदलले, हे सर्वांत ठळकपणे स्पेनमध्ये दिसते. तिथे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फरशी गुडघ्यांवर बसून, हाताने फडके पिळत पुसली जाई. हे काम बहुतेक बायकांच्याच वाट्याचे. गुडघ्याच्या वाटीपुढे द्रवाची एक छोटी पिशवी असते. सतत गुडघे टेकल्याने ती सुजते, आणि या दुखण्याला इंग्रजीत पडलेले नावच मुळी मोलकरणीचा गुडघा असे आहे. लोग्रोन्यो गावी १९२५ मध्ये जन्मलेले मानुएल हालोन कोरोमिनास हे विमान अभियंते. अमेरिकेतल्या हवाई दलाच्या तळावर त्यांनी हँगरची जमीन उभ्याने, रुळांच्या बादलीत मॉप पिळून पुसताना पाहिली, असे सांगितले जाते. परत आल्यावर १९५६ मध्ये त्यांनी झारागोझा शहरात अशा बादल्या करायला सुरुवात केली. पहिल्या बादल्या पत्र्याच्या होत्या आणि त्यांना रूळ होते. पुढे प्लास्टिकची बादली आणि तिच्या तोंडात बसणारा भोकांचा, खाली निमुळता होत जाणारा शंकू आला. त्यात मॉप दाबून पीळ दिला की पाणी निथळते, आणि हलणारा एकही भाग नसल्याने मोडण्यासारखे काही उरत नाही. शोधाच्या हक्कावरून वाद झाले, आणि एमिलियो बेलविस यांनाही त्याचे श्रेय दिले जाते. हालोन यांनी पुढे एकदा वापरून टाकायच्या सिरिंजवरही काम केले. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले.

या साधनाला स्पॅनिशमध्ये फ्रेगोना हे नाव पडले. त्या शब्दाचा जुना अर्थ भांडी आणि फरश्या घासणारी मोलकरीण. माणसाचे नाव वस्तूला लागले आणि वस्तूच्या नावानेच तो शब्द पुढे ओळखला जाऊ लागला. मोलकरीण उभी राहिली, पण तिचे नाव बादलीपाशीच राहिले, असेही म्हणता येईल.

पिळण्याच्या तऱ्हा

दाब देऊन, पीळ देऊन किंवा गरगर फिरवून, अशा तीनच वाटांनी मॉपमधले पाणी काढता येते. बाजारातल्या सगळ्या बादल्या यांपैकी एखादी वाट किंवा दोन वाटांची सांगड वापरतात.

मोठ्या ट्रॉलीवर बहुधा दाबाचा रिंगर असतो. मॉप त्याच्या खोक्यात सोडायचा, लांब दांडा खाली ओढायचा, की आतली पाटी मॉपला भोकांच्या भिंतीवर दाबते. बळ येते ते तरफेमुळे. समजा, दांडा ४० सेंटिमीटर लांब आहे आणि पाटी ढकलणारी भुजा ५ सेंटिमीटरची, तर हाताचा १५ किलोंचा जोर पाटीवर १२० किलोंचा होतो (घर्षण वजा जाता). मनगटाने पिळताना एवढा जोर कुणालाच लावता येणार नाही. काही रिंगरमध्ये पाटी आडवी सरकते, काहींत वरून खाली दाबते. वरून दाबणाऱ्या रिंगरमध्ये मॉप कोपऱ्यात न लपता सगळीकडे सारखा दाबला जातो, पण दांडा पूर्ण खाली येईपर्यंत वाकावे लागते. आडव्या दाबाच्या रिंगरवर कमी वाकून काम होते. दिवसभर हेच काम करणाऱ्याच्या कमरेला हा फरक चांगलाच जाणवतो.

रुळांचे रिंगर मागे पडले. लांब सूत रुळांत गुंडाळले जाते, रबर झिजते आणि बोट अडकण्याची भीती असते.

घरांमध्ये सध्या चलती आहे ती फिरकीच्या बादलीची, म्हणजे स्पिन मॉपची. तैवानमधून पसरलेल्या या प्रकारात बादलीच्या एका अंगाला जाळीची टोपली असते. मॉपची गोल तबकडी तिच्यात ठेवून दांडा खाली दाबला की टोपली गरगर फिरते. दांड्याच्या पोटात पीळ दिलेली सळई असते. बाहेरची नळी खाली सरकताना सळईचे पेड दांड्याच्या खालच्या भागाला आणि तबकडीला फिरवतात, भोवऱ्याच्या दोरीसारखे, फक्त इथे दोरीऐवजी पीळ आहे. दांडा वर घेताना फिरकी उलटी फिरू नये म्हणून एकाच दिशेने पकडणारी खाच असते. आधीच्या बादल्यांत हेच काम पायाच्या पेडलने आणि दातेरी चाकांनी होत असे. त्या चाकांचे प्लास्टिकचे दाते झिजले की पेडल नुसता खालीवर होतो आणि बादली फक्त बादली उरते. दांडा दाबून फिरवायची रचना लोकप्रिय होण्यामागे हे एक कारण आहे.

फिरकीत पाणी बाहेर फेकले जाते, आणि तो जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तबकडीची त्रिज्या १० सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला ३०० फेरे असेल, तर कडेच्या धाग्यातल्या पाण्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १० पट जोर येतो. वेग दुप्पट केला तर जोर चौपट. दोन-चार वेळा दाबून थांबले तर मॉप ओलसर राहतो, आणखी दाबले तर जवळपास कोरडा होतो. ओल हवी तेवढी ठेवण्याची ही सोय दाबाच्या रिंगरपेक्षा सरस आहे. उणीव अशी, की तबकडी मधोमध बसली नाही तर बादली नाचू लागते, आणि मोठ्या सुती मॉपसाठी हा प्रकार कामाचाच नाही.

सपाट मॉपच्या बादल्या वेगळ्या. त्यांत दोन उभ्या फटी असतात. एकीत पट्टी भिजवायची, दुसरीत वरखाली करून रबरी ओठांनी निपटून घ्यायची. या मॉपला मायक्रोफायबर लागते. हा धागा इतका बारीक, की १० किलोमीटर लांबीचे वजन १ ग्रॅमही भरत नाही. थोड्या पाण्यात काम होते, म्हणून बादलीही अरुंद.

अमेरिकेतल्या जॉय मँगानो यांनी १९९० मध्ये आणलेल्या मिरॅकल मॉपने तर रिंगर बादलीतून काढून दांड्यातच नेला. दांडा पिरगळला की ३०० फूट सुताची अखंड वेटोळी तिथल्या तिथे पिळली जाई. मग बादली कुठलीही चाले.

गढूळ पाण्याचे दुखणे

एकाच बादलीचा मूळ दोष कोणत्याही रिंगरने जात नाही. पिळलेली घाण त्याच पाण्यात पडते आणि पुढच्या बुडीत मॉपबरोबर पुन्हा फरशीवर येते. तिसऱ्या-चौथ्या खोलीपर्यंत आपण पहिल्या खोलीची धूळ समसमान वाटत फिरत असतो.

त्यावर उपाय दोन बादल्यांचा. एकीत औषधाचे स्वच्छ पाणी, दुसरीवर रिंगर. पुसून आलेला मॉप आधी दुसऱ्या बादलीत खळबळून पिळायचा आणि मगच स्वच्छ पाण्यात घालायचा. हा क्रम चुकला तर दोन बादल्या घेऊन हिंडण्याला काही अर्थ राहत नाही. समजा, ओथंबलेल्या मॉपमध्ये १ लिटर पाणी आहे आणि पिळल्यावर पाव लिटर उरते. तीन हिस्से घाण घाणीच्या बादलीत गेली, पण चौथा हिस्सा स्वच्छ बादलीत जाणारच. १० लिटरच्या बादलीत वीस बुड्यांमध्ये असे ५ लिटर गढूळ पाणी येऊन जाते. म्हणजे दोन बादल्यांनी प्रश्न लांबतो, सुटत नाही. पाणी बदलावेच लागते.

रुग्णालयांमध्ये त्यामुळे आता उलटा विचार रुळतो आहे. धुतलेल्या मायक्रोफायबर पट्ट्या आधीच औषधात भिजवून डब्यात ठेवायच्या, प्रत्येक खोलीला नवी पट्टी लावायची आणि वापरलेली पिशवीत टाकून थेट धुलाईला पाठवायची. बुडवणे नाही, पिळणे नाही, म्हणून रिंगरही नाही. सुती मॉपचा आणखी एक दोष यातून टळतो. क्वाटर्नरी अमोनियम जातीची जंतुनाशके सुताला चिकटून बसतात आणि बादलीतले औषध दिसते त्यापेक्षा पातळ होत जाते.

ब्रिटनमध्ये बादल्या आणि मॉप रंगांनी वेगळे ठेवतात. लाल स्वच्छतागृहांसाठी, निळा सर्वसाधारण जागांसाठी, हिरवा स्वयंपाकघरासाठी आणि पिवळा संसर्गामुळे वेगळ्या ठेवलेल्या रुग्णांच्या खोल्यांसाठी. इतरत्र मात्र पिवळी ट्रॉली सर्रास दिसते. तिथे तो रंग केवळ लांबून दिसावा, कुणी अडखळू नये, म्हणून असतो.

वापर आणि धोके

ट्रॉलीच्या बादलीत साधारण २५ ते ३५ लिटर पाणी मावते. म्हणजे भरल्यावर रिंगरसकट ती ३० किलोंच्या पुढे जाते. चाकांवर असेपर्यंत हे वजन कळत नाही, ओतायला उचलली की कळते. खाली बूच असलेली बादली जमिनीच्या पातळीवरच्या मोरीपाशी नेऊन रिकामी करता येते, आणि घेताना सर्वांत आधी बघायची गोष्ट हीच. तळाशी आडव्या कडा असतील तर ढकलताना पाणी हिंदकळून सांडत नाही.

ब्लीचच्या पाण्याने लोखंडी रिंगर गंजतात, स्प्रिंगा तर आधी. त्याच पाण्यात संडास धुण्याचे आम्ल मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो. तो विषारी आहे आणि बंद न्हाणीघरात जिवावर बेतू शकतो.

रांगणाऱ्या मुलांसाठी भरलेली बादली धोकादायक असते. त्यांचे डोके अंगाच्या मानाने जड, त्यामुळे वाकून डोकावताना तोल गेला की ती डोक्यावर आत पडतात आणि जड बादली कलंडत नाही. अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने ५ गॅलनच्या, म्हणजे सुमारे १९ लिटरच्या बादल्यांबाबत असे इशारे दिले आहेत, आणि तिथल्या मोठ्या बादल्यांवर पडणाऱ्या बाळाचे चित्र छापलेले दिसते. थोडे पाणीही पुरते, म्हणून काम थांबवून दाराशी जायचे झाले तरी बादली मुलाच्या हाताला लागेल अशी सोडू नये.

काम झाल्यावर मॉप रिंगरमध्येच दाबून ठेवण्याची सवय सर्वत्र आढळते. ओल आणि ऊब मिळून रात्रभरात त्यात जिवाणू वाढतात, आणि सकाळी फरशी पुसल्यावर येणारा आंबूस वास फरशीचा नसून मॉपचा असतो. मॉप धुऊन, पूर्ण पिळून, सूत वर करून टांगावा. बादली विसळून पालथी घालावी आणि रिंगरच्या जाळीत अडकलेले केस व धागे काढावेत, कारण पुढच्या खेपेला पाणी निथळायची वाट तीच असते.