‘बीचवर’ की ‘बीचजवळ’? मधला रस्ता कुणी बघतच नाही

दिवाळीची सुट्टी जवळ आली की मला हमखास एक फोन येतो. “अरे, कळंगुटला बरं हॉटेल मिळालंय. चांगल्या चेनचं आहे, नाश्ता धरून रात्रीचे साडेपाच हजार, आणि बीचवर आहे.” मी विचारतो, “बीचवर की बीचजवळ?” पलीकडून उत्तर येतं, “तेच ते.”

तेच ते नाही. इतक्या जणांना इतक्या वेळा सांगून झालंय की आता एकदाच लिहून ठेवतो.

बीचवरचं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. गणपतीपुळ्याला किंवा तारकर्लीला एमटीडीसीत राहिला असाल तर माहीतच आहे. दार उघडलं की सुरूची झाडं, झाडांपलीकडे वाळू. पोरं टॉवेल खांद्यावर टाकून अनवाणीच पळतात. ओहोटी लागलीय की भरती, हे अंथरुणातूनच कळतं. गिझर कधी चालतो, कधी चालत नाही. त्याचं कुणी फार मनावर घेत नाही.

बीचजवळचं मधल्या दराचं चेन हॉटेल ही निराळी जात आहे. जिंजर, लेमन ट्री, फेअरफिल्ड, इबिस असली नावं. खोली नाशिकला असते तशीच गोव्याला: दाराशी कार्ड खोचायची खाच, पांढरीशुभ्र चादर, चहाची किटली, दोन पाण्याच्या बाटल्या आणि एसी लगेच गार करणारा. यात नावीन्य काही नसतं आणि ते नाही म्हणूनच आपण पैसे देतो. बाथरूम कसं निघेल याची धाकधूक नाही. माझी त्याबद्दल काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याला ‘बीचवरचं’ म्हणण्याबद्दल.

मधल्या दराचं चेन हॉटेल गोव्यात वाळूवर सहसा का नसतं, यामागे एक कायदा आहे आणि काही तारखा आहेत. 1981 साली इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामापासून मोकळा ठेवायला सांगितलं. पुढे फेब्रुवारी 1991 मध्ये सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, अधिसूचना आली. शहरीकरण न झालेल्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही. 200 ते 500 मीटरच्या पट्ट्यात हॉटेलला परवानगी मिळू शकते, पण उंची नऊ मीटर, म्हणजे तळमजला आणि वर एक मजला, बस्स. 2019 च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी दोनशेचे पन्नास मीटर केले खरे, पण त्याने आधी उभी राहिलेली हॉटेलं काही पुढे सरकत नाहीत.

आता तारखा जुळवा. आग्वादचं ताज 1974 चं, कायद्याच्या बरंच आधीचं, म्हणून ते समुद्राला खेटून बसलंय. लेमन ट्री आणि जिंजर या दोन्ही चेनची पहिलीवहिली हॉटेलं 2004 ची. या चेन जन्मल्या तेव्हा वाळूलगतच्या जागांचा विषय केव्हाच संपला होता. वाळूला लागून दिसतात ती 1991 पूर्वीची मोठी रिसॉर्टं, गावकऱ्यांची जुनी घरं (त्यांचीच पुढे गेस्ट हाउसं झाली) आणि मोसमी शॅक (वाळूवरची तात्पुरती खाण्यापिण्याची खोपटी). याखेरीजही नियम मोडून बांधलेल्यांचा एक प्रकार असतो, त्याची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे चालू असतात. क्वचित एखादी चेन जुनं रिसॉर्ट चालवायला घेते आणि खरोखर वाळूजवळ पोचते, पण मग त्याचा दर मधला राहत नाही.

मुंबईचं उदाहरण देऊन कुणी वाद घालू नका. जुहूला समुद्राला लागून उंच हॉटेलं आहेत, कारण शहरी किनाऱ्याचे नियम वेगळे. पण तिथेही जुहू तारा रोडच्या या बाजूचं आणि त्या बाजूचं हॉटेल यांत काय फरक, हे मुंबईकराला बरोब्बर ठाऊक असतं. तोच मुंबईकर गोव्यात उतरला की रस्त्याची बाजू विचारायचं विसरतो.

आणि गोव्यात तर सगळा खेळ रस्त्याच्या बाजूचाच आहे. कांदोळीहून कळंगुटला जाणारा मुख्य रस्ता किनाऱ्याला समांतर धावतो. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला आत आत गेलं की शेतं. हॉटेल पश्चिमेच्या बाजूला असेल तर गल्लीतून रमतगमत वाळूवर. पूर्वेला असेल तर आधी तो रस्ता ओलांडायचा: भाड्याच्या स्कूटर, भाड्याच्या जीप, पर्यटकांच्या बस, आणि नाव घेण्यासारखा फुटपाथ नाही. हातात बादली-फावडं घेतलेलं पाच वर्षांचं पोर आणि पायात रबरी चपला. दिवसातून चार वेळा हे करून बघा.

त्याहून मोठी फसगत अंतराच्या आकड्यात आहे. ‘बीचपासून 450 मीटर’ हा आकडा खोटा नसतो. फक्त तो कावळ्याचा असतो. नकाशावर हॉटेलपासून वाळूपर्यंत फूटपट्टी ठेवली की 450 मीटर. पण मुख्य रस्त्यावरून समुद्राकडे जाणाऱ्या गल्ल्या ठरावीक ठिकाणीच फुटतात. मधल्या जागेत लोकांची घरं, कंपाउंडं, माडांच्या बागा. तुमच्या हॉटेलच्या समोर गल्ली नसेल तर आधी रस्त्याने आडवं चालायचं, मग गल्ली धरायची.

हे मी आईला घेऊन शिकलो. तिचे गुडघे दुखतात, म्हणून मुद्दाम जवळचं हॉटेल घेतलं होतं. कुठलं ते जाऊ द्या. संध्याकाळी साडेपाचला निघालो, म्हटलं सूर्यास्त गाठू. फाटकातून बाहेर पडून उजवीकडे वळलो. एका मेडिकलच्या दुकानापाशी आई पहिल्यांदा थांबली, दारूच्या दुकानापाशी दुसऱ्यांदा. मग गल्ली लागली, तिच्यात दोन्ही बाजूंनी गाड्या लावलेल्या, मधून येणाऱ्या प्रत्येक स्कूटरला अंग चोरून वाट द्यायची. वाळू दिसली तेव्हा सूर्याचा फक्त लाल पट्टा उरला होता. फोनमध्ये पाहिलं, सव्वा किलोमीटर. आई वाळूवर टेकली आणि म्हणाली, “आपल्या घरापासून तुळशीबाग याहून जवळ आहे रे.”

परत येऊन रिसेप्शनवर विचारलं, तर त्या मुलाने अगदी नम्रपणे फोनवर नकाशा उघडून दाखवला. “बघा ना सर, फोर फिफ्टीच आहे.” रेघ एका बंगल्याच्या अंगणातून जात होती. येताना तो बंगला मी पाहिला होता. फाटकाला साखळी होती आणि आत कुत्रा.

तेव्हा अंतर दिसलं की ते कशापासून कशापर्यंत मोजलंय ते बघा. वाळूच्या सगळ्यांत जवळच्या टोकापर्यंत सरळ रेषेत मोजलेलं एक. नकाशात ‘कळंगुट बीच’ म्हणून खूण केलेल्या ठिकाणापर्यंत मोजलेलं दुसरं. ही खूण नेमकी सगळ्यांत गर्दीच्या जागी असते, त्यामुळे कधीकधी ते उगाच जास्त दिसतं आणि एखादं चांगलं हॉटेल तेवढ्यावरून हातचं जातं. आणि तिसरं चालत जायचं. फक्त तिसरं खरं. नकाशात चालण्याचा पर्याय निवडा, टोक वाळूवर स्वतः ठेवा आणि मिनिटं वाचा. दहाच्या आत असतील तर मी ‘बीचजवळ’ म्हणू देतो. पंधराच्या पुढे गेलं की ते गोव्यातलं हॉटेल आहे, एवढंच.

बाकीचे शब्द भराभर उरकतो. ‘सी फेसिंग’ म्हणजे खिडकी समुद्राच्या दिशेला. समुद्र दिसेलच असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. ‘सी व्ह्यू’ म्हणजे समुद्र दिसतो. ‘पार्शियल सी व्ह्यू’ म्हणजे गॅलरीत उभं राहून कठड्यावरून वाकलात तर दिसतो. नऊ मीटरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून, समोर पंधरा-वीस मीटर उंचीचे माड असताना, काय दिसणार याचा हिशोब तुम्हीच करा. बुंधे दिसतात, आणि पुढच्या इमारतीची पाण्याची टाकी. ‘पूल व्ह्यू’ मात्र प्रामाणिक असतो, पूल दिसतोच. ‘प्रायव्हेट बीच’ हा शब्द ज्या जाहिरातीत दिसेल ती मी तिथेच बंद करतो. आपल्याकडे किनारा कुणाच्या मालकीचा नसतो. हॉटेलच्या असतात त्या खुर्च्या.

त्या व्ह्यूपायी लोक आणखी एक हिशोब चुकवतात. सप्टेंबर 2025 पासून रात्रीला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी पाच टक्के आहे, त्याच्या वर अठरा. 7,400 ची साधी खोली करासकट 7,770 ला पडते. दोनशेच रुपये जास्त म्हणून 7,600 ची ‘पार्शियल’वाली घेतलीत की 8,968. बाराशे रुपयांना पाण्याची टाकी.

मग मी काय घेतो? चेन हॉटेल घ्यायचं असेल तर बीचजवळचंच घेतो, रस्त्याच्या पश्चिमेचं, आणि साध्यात साधी खोली. समुद्र बघायला समुद्रावर जातो. कोकण-गोव्याचा किनारा पश्चिमेकडे बघतो, त्यामुळे समुद्राकडे तोंड असलेली खोली एप्रिल-मेमध्ये दुपारी दोननंतर भट्टी होते. सूर्यास्ताचा फोटो छान येतो, पण तोवर पडदे लावूनच बसावं लागतं. शिवाय खारं वारं. वाळूलगतच्या हॉटेलात कड्या गंजलेल्या, टॉवेल कायम दमट, गॅलरीतल्या एसीच्या पत्र्याला फोड आलेले. किनाऱ्यापासून चारशे मीटर मागे आणि मध्ये माड असले की हे बरंच कमी होतं. पावसाळ्यात तर बीचवरच्या हॉटेलचे जादा पैसे देण्यात अर्थच नाही. जूनपासून शॅक उतरवलेले, समुद्र खवळलेला, लाल बावटे लागलेले आणि पाण्यात पाय घातला की जीवरक्षकांची शिट्टी. तेव्हा मागचं हॉटेल, भरपूर नाश्ता आणि गॅलरीतून पाऊस. किनारी पट्टा मला खरं तर तेव्हाच आवडतो.

आणि भरतीचा आवाज ऐकत झोपायचं असेल, तर मधल्या दराच्या चेनमध्ये तो शोधत बसूच नका. तारकर्लीला जा, किंवा एखाद्या काकूंचं घर घ्या. गिझर चालला नाही तर काकू चुलीवर पाणी तापवून देतील.

काकूंच्या घराचा आणखी एक फायदा वेळेचा. कोकणकन्येने सकाळी थिवीला उतरलात, किंवा पुण्याहून रात्रीच्या बसने सात वाजता म्हापशाला, तर काकू खोली रिकामी असेल तेव्हा देतात आणि आधी चहा देतात. चेनमध्ये चेक-इन दुपारी दोनला म्हणजे दोनलाच. बॅगा ठेवून घेतील, हसून बोलतील, पण चावी नाही. अंघोळीचे कपडे वरच्या कप्प्यात ठेवा, स्विमिंग पूलजवळ शॉवर असतो.

जेवणाच्या प्लॅनचं फार डोक्याला लावून घेऊ नका. ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे नाश्ता धरून, एमएपी म्हणजे नाश्ता आणि वर एक जेवण. सीपी घ्या. गोव्याला जाऊन एमएपी घेणारे आणि रोज रात्री हॉटेलच्या बुफेत पनीर बटर मसाला वाढून घेणारे लोक मी पाहिलेत. बाहेर दोनशे पावलांवर सुंगटांची (कोळंबीची) आमटी आणि तळलेला बांगडा असतो.

एवढं सगळं बघूनही शंका उरली तर बुकिंगच्या आधी थेट हॉटेलला फोन करा. बुकिंग कंपनीला नाही, हॉटेलच्या रिसेप्शनला. “बीच किती लांब आहे?” असं विचारू नका, त्याचं उत्तर पाठ असतं. विचारा, “फाटकातून चालत निघालो तर वाळूवर पाय पडेपर्यंत किती मिनिटं? आणि मोठा रस्ता ओलांडावा लागतो का?” समोरचा माणूस क्षणभर थांबेल. “सात मिनिटं, समोरच गल्ली आहे” म्हणाला तर खुशाल पैसे भरा. “एकदम जवळ आहे सर, आणि आमच्याकडे स्कूटर पण मिळते” म्हणाला तर फोन ठेवा.