चांगले कोलेस्टेरॉल : आहार व जीवनशैलीद्वारे वाढ

रक्तातील उच्च घनतेच्या लिपोप्रोटीन (मेद व प्रथिने मिळून बनलेल्या) कणांमधून, म्हणजेच एचडीएलमधून, वाहून नेले जाणारे कोलेस्टेरॉल ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणून ओळखले जाते. हे कण प्रामुख्याने यकृत व लहान आतडे यांत तयार होणाऱ्या एपो-ए१ या प्रथिनाभोवती बांधले जातात. धमन्यांच्या भित्तींतील पेशींमध्ये साचलेले जादा कोलेस्टेरॉल ते उचलतात आणि यकृताकडे पोचवतात. तेथून ते पित्तावाटे बाहेर पडते. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे १९४८ पासून चाललेल्या पाहणीत, एचडीएल कमी असणाऱ्यांना हृदयविकार अधिक होतो हे १९७७ मध्ये ठळकपणे पुढे आले. पुरुषांत दर डेसिलिटरला ४० मिग्रॅ.पेक्षा आणि स्त्रियांत ५० मिग्रॅ.पेक्षा कमी एचडीएल धोक्याचे मानले जाते.

एचडीएल वाढविण्याच्या उपायांत नियमित व्यायामाचा पुरावा भक्कम आहे. २५ चाचण्यांचे २००७ मध्ये एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा चालणे, धावणे, सायकल चालवणे अशा व्यायामांनी एचडीएल सरासरी अडीच मिग्रॅ. वाढल्याचे दिसले. फरक दिसण्यासाठी आठवड्याला सुमारे १२० मिनिटे व्यायाम लागत होता. व्यायाम किती जोरकस आहे यापेक्षा एका वेळी तो किती वेळ केला जातो, याला अधिक महत्त्व होते. दमछाक सोसवत नाही म्हणून व्यायामच टाळणाऱ्यांनी ही बाब अवश्य ध्यानात घ्यावी.

धूम्रपान सोडल्यास एचडीएल सरासरी ४ मिग्रॅ.च्या आसपास वाढते, तेही काही आठवड्यांतच.

वजनाचे गणित थोडे फसवे आहे. वजन उतरत असताना एचडीएल आधी घटू शकते. उतरलेले वजन स्थिरावल्यावर मात्र ते वाढते, साधारणपणे दर किलोमागे ०.३५ मिग्रॅ. त्यामुळे पथ्य सुरू असतानाच केलेल्या तपासणीत आकडा खाली आला, म्हणून पथ्य सोडणे चुकीचे ठरते.

आहारात सर्वांत आधी टाळायचे ते कारखान्यांत तेलाचे अंशतः हायड्रोजनीकरण करताना तयार होणारे ट्रान्स मेद. त्यांच्यामुळे एचडीएल घटते आणि ‘वाईट’ समजले जाणारे एलडीएल वाढते, हे नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९० मध्ये दाखवून दिले. साखर व मैद्यासारखी परिष्कृत कर्बोदके अती झाली की रक्तातील ट्रायग्लिसराइड नावाचे मेद वाढतात. हे वाढलेले ट्रायग्लिसराइड एचडीएल कणांत शिरतात, असे कण लवकर नष्ट होतात आणि एचडीएल खाली येते. या कर्बोदकांऐवजी ऑलिव्ह तेल, सुकामेवा, मासे यांतील असंतृप्त मेद घेतल्यास ट्रायग्लिसराइड उतरतात आणि एचडीएललाही थोडा हातभार लागतो. संतृप्त मेदांनीही एचडीएल वाढते, पण सोबत एलडीएलही वाढत असल्याने तो मार्ग हिताचा नाही. मद्याचेही तसेच आहे. मद्याने एचडीएल वाढते हे खरे, पण कर्करोग आणि यकृताचे विकार यांचा धोका पाहता, न पिणाऱ्याने एचडीएलसाठी मद्य सुरू करावे असा सल्ला देता येत नाही.

या सर्व उपायांनी होणारी वाढ माफक असते. ती औषधांनी भरभक्कम करून पाहण्याचे प्रयत्न झाले. टॉरसेट्रॅपिब या औषधाने एचडीएल ७० टक्क्यांहून अधिक वाढले, तरी रुग्णांतील मृत्यू वाढल्यामुळे डिसेंबर २००६ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. जन्मजात जनुकीय फरकामुळे एचडीएल जास्त असणाऱ्यांनाही हृदयविकारापासून वेगळे संरक्षण मिळत नसल्याचे २०१२ मधील अभ्यासात आढळले. अतिशय उंच एचडीएल असणाऱ्यांत तर मृत्युदर अधिक असल्याचे डेन्मार्कमधील पाहणीतून दिसले. एचडीएलचा आकडा हे बहुधा निरोगी चयापचयाचे चिन्ह आहे. स्वतंत्रपणे तो फुगवल्याने हृदयाचे रक्षण होत नाही. व्यायाम, धूम्रपानत्याग आणि बदललेला आहार यांचे मोल मात्र याने कमी होत नाही, कारण रक्तदाब, इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद, रक्तवाहिन्यांची लवचिकता अशा अनेक वाटांनी ते हृदयाला उपयोगी पडतात.

काहींचे एचडीएल या उपायांना दाद देत नाही. टँजिअर रोग या दुर्मिळ आनुवंशिक विकारात ते जवळजवळ नाहीसेच होते. शरीर कमावण्यासाठी घेतलेल्या ॲनाबॉलिक स्टेरॉइडांनीही ते बरेच घसरते. एचडीएल कमी आढळल्यास डॉक्टर त्याला एकूण धोक्याची खूण समजतात आणि उपचारांचा मुख्य भर एलडीएल उतरवण्यावर ठेवतात.