गोंधळाचे वर्ष (इ. स. पू. ४६)

रोमन इतिहासातील सर्वांत लांब वर्ष. एकूण दिवस ४४५. ‘गोंधळाचे शेवटचे वर्ष’ हे नाव मॅक्रोबिअस या लेखकाने त्याला बऱ्याच शतकांनंतर दिले. त्यातला ‘शेवटचे’ हा शब्द महत्त्वाचा, कारण गोंधळ या वर्षात निस्तरला गेला.

रोमन वर्ष ३५५ दिवसांचे. ऋतूंशी मेळ राहावा म्हणून साधारण एक वर्षाआड फेब्रुवारीत २२ किंवा २३ दिवसांची भर घालायची प्रथा होती. आपल्या अधिकमासासारखीच ही सोय, पण अधिकमास पंचांगाच्या गणितातून येतो, तर रोममध्ये निर्णय धर्माधिकाऱ्यांच्या हाती असे. मर्जीतल्या माणसाची कारकीर्द वाढवायची असली की दिवस घालायचे, नकोशाची आटोपायची असली की टाळायचे. शेवटी सुगीचे सण उन्हाळ्यात येईनात आणि द्राक्षतोडणीचे शरदात. इ. स. पू. ६३ पासून मुख्य धर्माधिकारी खुद्द ज्युलियस सीझर होता आणि तो वर्षानुवर्षे गॉलच्या (आजचा फ्रान्स व आसपासचा प्रदेश) मोहिमेत व पुढे यादवी युद्धात गुंतलेला. म्हणजे निस्तरलेला पसारा काही अंशी त्याचाच.

वर्षाचा आरंभ आफ्रिकेतल्या लढाईत गेला. आजच्या ट्युनिशियातील थॅप्सस येथे ६ एप्रिलला सीझरने यादवी युद्धातला आपला प्रतिस्पर्धी पाँपी याच्या पक्षाचा पराभव केला. ऋतुमानाप्रमाणे तेव्हा फेब्रुवारीच चालू होता. बातमी येताच त्या पक्षाचा एक नेता केटो याने युटिका शहरात आत्महत्या केली.

रोमला परतल्यावर गॉल, इजिप्त, पाँटस (काळ्या समुद्राकाठचे राज्य) आणि आफ्रिका अशा चार विजययात्रा निघाल्या. पहिल्याच यात्रेत सीझरच्या रथाचा आस मोडला आणि तो पडता पडता वाचला. मग दुतर्फा मशाली घेतलेल्या चाळीस हत्तींच्या उजेडात तो कॅपिटोल टेकडी चढला. सहा वर्षे कैदेत ठेवलेल्या गॉल सरदार व्हर्सिंगेटोरिक्सला या निमित्ताने ठार करण्यात आले. क्लिओपात्राची बहीण आर्सिनोई मात्र साखळदंडात पाहून लोक हळहळले आणि तिला जीवदान मिळाले. रोमकरांनी पहिला जिराफ पाहिला तोही याच उत्सवात.

कालगणनेसाठी सीझरने अलेक्झांड्रियाचा खगोलज्ञ सोसिजेनीस याचा सल्ला घेतला. फेब्रुवारीत २३ दिवस आधीच वाढवले होते. नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या मध्ये आणखी ६७ दिवस घातले. पुढच्या १ जानेवारीपासून ३६५ दिवसांचे वर्ष आणि दर चौथ्या वर्षी एक जादा दिवस असा नियम लागू झाला. उद्या वीणा नक्षत्र उगवणार, असे कोणी म्हणताच ‘हो, हुकूमच आहे तसा’ असा टोमणा वक्ता सिसेरोने मारला, ही ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने सांगितलेली आठवण.

सीझरच्या हत्येनंतर धर्माधिकाऱ्यांनी ‘दर चौथ्या’ची मोजणी रोमन पद्धतीने, म्हणजे दोन्ही टोके धरून केली आणि जादा दिवस दर तिसऱ्या वर्षी पडू लागला. ३६ वर्षांत नऊऐवजी बारा लीप वर्षे झाली. पुढची काही लीप वर्षे गाळून सीझरचा वारस सम्राट ऑगस्टस याने हिशेब जुळवला.