स्थानिक लिनक्स रेपॉजिटरी

इंटरनेटशिवाय लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवता यावे म्हणून पॅकेजे (सॉफ्टवेअर बसवायच्या तयार फाइली), ती ज्यांवर अवलंबून आहेत ती सगळी पॅकेजे आणि त्यांची सूची डिस्कवर किंवा गावातल्याच संगणकावर ठेवतात. या साठ्याला नुसते ‘रेपो’ असेही म्हणतात. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता बंद होतो. मेळघाटातल्या अनेक गावांत नेटवर्क धड मिळत नाही. तिथल्या शाळांसाठी रेपो नागपुरात किंवा परतवाड्यात भरून न्यावा, पावसाळ्याआधी ताजा करावा.

डेबियन ही लिनक्सची एक प्रणाली; तिच्या 12व्या आवृत्तीत (2023) 64 हजारांवर पॅकेजे आहेत. शाळेला त्यांतली थोडीच लागतात, पण ती थोडी नेमकी कोणती, इथेच चूक होते. पॅकेजे उतरवून बसवणाऱ्या ‘एपीटी-गेट’ या आज्ञेला डाउनलोड-ओन्ली (फक्त उतरवा) पर्याय दिला, तर त्या संगणकावर जे नाही तेवढेच उतरते. शहरातल्या संगणकावर एखादी लायब्ररी आधीच असली की तिची फाइल डिस्कवर येत नाही, आणि गावातला कोरा संगणक ‘अनमेट डिपेंडन्सीज’ (लागणारी पॅकेजे नाहीत) म्हणून अडतो. रेपो अपुरा राहण्याचे हे नेहमीचे कारण. म्हणून ‘डीबूटस्ट्रॅप’ने त्याच आवृत्तीची, त्याच आर्किटेक्चरची (प्रोसेसरच्या प्रकाराची) किमान प्रणाली वेगळ्या फोल्डरमध्ये उभारावी आणि ‘सीएचरूट’ने तिच्यात शिरूनच पॅकेजे उतरवावीत. 32-बिट पीसींचा (आय386) संच वेगळा. डेबियन 13 मध्ये त्यांच्यासाठी इन्स्टॉलरच नाही.

‘डिपेंड्स’बरोबर (पॅकेजला लागतातच ती) ‘रेकमेंड्स’ही (असावीत अशी शिफारस असलेली) घ्यावेत. तरीही ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ हे देवनागरी फॉन्टचे पॅकेज यादीत स्वतः लिहावे. देवनागरी फॉन्ट नसला तरी लिबरऑफिस विनातक्रार बसते, आणि मराठीच्या जागी चौकोन दिसतात.

रेपोची सूची ‘डीपीकेजी-स्कॅनपॅकेजेस’ ही आज्ञा करते. ती रेपोच्या मूळ फोल्डरमधूनच चालवावी, नाहीतर सूचीतले मार्ग चुकतात आणि समोर असलेली फाइल सापडत नाही. फाइल बदलून सूची जुनीच ठेवली तर ‘हॅश सम मिसमॅच’ (फाइल सूचीतल्या नोंदीशी जुळत नाही) हा दोष येतो. असा स्वतः केलेला रेपो डिजिटल सहीविना असतो, म्हणून त्याला सोर्सेसच्या (रेपोंचे पत्ते असलेल्या फाइलच्या) ओळीत ‘ट्रस्टेड=येस’ लिहावे लागते; ही सूट स्वतः भरलेल्या डिस्कपुरतीच द्यावी. ‘एपीटी-मिरर’ने डेबियनच्या रेपोची मूळ सहीसकट प्रत आणल्यास या सूटीची गरज नसते, मात्र मदरबोर्डचा सेल संपून घड्याळ मागे गेले असेल तर एपीटी रेपोची ‘रिलीज’ ही तारखेची व सहीची फाइल ‘अजून वैध नाही’ म्हणून नाकारते. आधी तारीख लावावी.

गावी निघण्यापूर्वी व्हर्च्युअल मशीनमध्ये कोरे डेबियन बसवून, नेटवर्क तोडून, केवळ या डिस्कवरून यादीतले प्रत्येक पॅकेज बसवून पाहावे.