तिथी, भरती आणि चिखलावरचे पक्षी

ठाण्याच्या खाडीवर पक्षी पाहायला जायचे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, गुलाबी थवे येतात आणि सहल आपोआप हिवाळ्यावर जाते. खाडीच्या या पट्ट्याला 2015 साली अभयारण्याचा आणि 2022 साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, त्यातही रोहित पक्ष्यांचा वाटा मोठा आहे. परंतु स्थलांतर प्रत्यक्ष घडताना पाहायचे असेल, तर त्याची वेळ याहून बरीच आधीची आहे. श्रावण सरत असतो, पाऊस अजून पुरता थांबलेला नसतो, आणि त्याच सुमारास मुठीत मावतील एवढे करडे-तपकिरी पक्षी खाडीच्या चिखलावर उतरू लागतात. चिखल्या, टिलवे, तुतारी आणि त्यांच्यात उंच दिसणारे पाणटिवळे असे हे पक्षी दुरून पाहणाऱ्याला सगळे सारखेच वाटतात. तरीही वर्षभरातील पक्षिनिरीक्षणाचा सर्वांत मोलाचा काळ कोणता असे मला कोणी विचारले, तर मी याच सहा-सात आठवड्यांकडे बोट दाखवीन.

या काळात किनाराच का निवडायचा, याला साधे कारण आहे. चिखलावर चरणाऱ्या पक्ष्याला स्वतःच्या पायांच्या उंचीपेक्षा खोल पाणी उपयोगाचे नसते. भाद्रपदात धरणे आणि तलाव काठोकाठ भरलेले असतात. नांदूरमधमेश्वर काय किंवा उजनीच्या फुगवट्यावरचे भिगवण काय, तेथील चिखलाचे काठ पाणी ओसरल्यावरच उघडे पडतात. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक अशी पाण्यावरची मंडळीही प्रामुख्याने थंडी पडू लागल्यावर येतात. समुद्राचे मात्र पावसाशी देणेघेणे नाही. तेथील चिखल दिवसातून दोनदा झाकला जातो आणि दोनदा उघडा पडतो, त्यामुळे लांबून आलेल्या भुकेल्या पक्ष्याला तेथे लगेच खायला मिळते.

म्हणूनच किनाऱ्यावरच्या सहलीची वेळ सूर्योदयावरून नव्हे, तर भरतीवरून ठरवावी लागते. पूर्ण ओहोटीला पक्षी पाण्याच्या कडेबरोबर एवढे आत जातात की दुर्बिणीतूनही ठिपकेच दिसतात, तर ऐन भरतीला चिखलच उरत नाही. पाणी चढत असताना, भरतीच्या आधीचे दोन-अडीच तास, उरलेला चिखल अरुंद होत जातो आणि पक्षी चरत चरत आपल्या बाजूला सरकतात. ही वेळ काढण्याचे आपल्या किनाऱ्यावरचे जुने गणित आजही उपयोगी पडते: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला साधारण तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता आणि द्वादशीला नऊ वाजता भरती येते. चंद्र आणि सूर्य यांच्यामधले कोनीय अंतर एका तिथीत 12 अंशांनी वाढते आणि पृथ्वीला तेवढे फिरायला 48 मिनिटे लागतात, म्हणजे जवळजवळ पाऊण तास. हा आडाखा त्या खगोलीय हिशेबातूनच आलेला आहे. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी थोडे उशिरा पोहोचते, त्यामुळे निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे छापील कोष्टक पाहणे बरे. पण सकाळच्या सहलीसाठी एकादशी-द्वादशीच्या आसपासचा दिवस निवडला, तर सहसा फसगत होत नाही.

आता एका टिलव्याकडे जवळून पाहू. छोटा टिलवा जेमतेम 25 ग्रॅमचा असतो आणि उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रा प्रदेशातून आलेला असतो. तो सतत पळतो आणि चिखलाच्या वरच्या थरातले बारीक जीव टिपतो. त्याच्या शेजारी कर्ल्यू सँडपायपर, म्हणजे तुतारीचीच एक जात, आपली किंचित बाकदार चोच शिलाई यंत्राच्या सुईप्रमाणे भराभर खुपसत असतो. चिखलाच्या आतले त्याला डोळ्यांनी दिसत नाही. या कुळातल्या पक्ष्यांच्या चोचीच्या टोकाला दाब आणि कंपन ओळखणारे सूक्ष्म संवेदक दाटीवाटीने बसलेले असतात, आणि त्यामुळे गाडलेला किडा किंवा शिंपला चोचीलाच कळतो. पुष्कळांना तर संपूर्ण चोच न उघडता केवळ तिचे टोक उघडता येते. चिखल्याची गोष्ट वेगळी आहे. त्याचे डोळे मोठे आणि चोच आखूड असते. तो चार पावले धावतो, थबकतो, पाहतो आणि मगच टोचतो. दुरून रंग ओळखता येत नसले, तरी चरण्याच्या या पद्धतीवरून पक्ष्याचे कूळ ओळखता येते, आणि नवख्या निरीक्षकाने सुरुवात येथूनच करावी असे मला वाटते.

रंगांकडे वळायचे ते वयासाठी. कर्ल्यू सँडपायपरचा नर अंडी उबवण्यासाठी थांबत नाही, तो सर्वांत आधी दक्षिणेकडे निघतो. मागून माद्या येतात आणि सर्वांत शेवटी त्या वर्षीची पिल्ले. ऑगस्टमध्ये दिसणाऱ्या प्रौढांच्या पोटावर विणीच्या विटकरी रंगाचे ठिगळ शिल्लक असतात आणि पिसे झिजलेली असतात. पुढे येणारी पिल्ले कोरी करकरीत असतात. त्यांच्या पाठीवरच्या प्रत्येक पिसाला फिकट किनार असल्यामुळे पाठ खवल्यांची वाटते. या पिल्लांनी हा मार्ग पूर्वी कधीही पाहिलेला नसतो आणि वाट दाखवायला आईबाप सोबत नसतात. दिशा आणि प्रवासाची ओढ ती जन्मतःच घेऊन येतात. ऑक्टोबर 2022 मध्ये पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचे अवघे पाच महिन्यांचे पिल्लू अलास्काहून निघाले आणि कोठेही न उतरता 11 दिवसांत सुमारे 13,560 किलोमीटर उडून टास्मानियाला पोहोचले. त्याच्या पाठीवर उपग्रह-यंत्र बसवलेले होते म्हणून हे आपल्याला समजले.

एवढ्या उड्डाणाची तयारी शरीराच्या आत होते. निघताना या पाणटिवळ्याच्या वजनात निम्म्याहून अधिक चरबी असू शकते, आणि तिचा भार पेलावा म्हणून जठर, आतडी, यकृत असे उड्डाणात न लागणारे अवयव आक्रसतात. मुक्कामी पोहोचल्यावर ते पुन्हा वाढवावे लागतात. म्हणजे लांबून नुकताच उतरलेला पक्षी केवळ दमलेला नसतो. त्याची पचनसंस्थाही पूर्ववत व्हायची असते. छायाचित्रासाठी थव्याच्या अंगावर धावून जाणे, त्यावर ड्रोन नेणे किंवा अलिबागजवळच्या अक्षीसारख्या पुळणीवर गाडी पळवणे मला म्हणूनच अक्षम्य वाटते. प्रत्येक वेळी उठलेला थवा पुन्हा बसेपर्यंत चरण्याचा वेळ गमावतो, आणि चिखल उघडा असतो तो मोजकेच तास.

भरती पूर्ण झाल्यावर हे पक्षी कोठे जातात, हा प्रश्न सहलीत फारसा विचारला जात नाही. ते कांदळवनामागची मिठागरे, उथळ तळी आणि मोकळे माळ गाठतात आणि पाणी उतरेपर्यंत तेथे दाटीने उभे राहतात. मुंबई, नवी मुंबई आणि उरणच्या परिसरात भराव पडतो तो नेमका अशाच जागांवर. नकाशावर त्या पडीक दिसतात. पण त्या गेल्या तर चिखल शाबूत राहूनही पक्ष्यांना भरतीचे तास काढायला जागा उरत नाही, आणि दिवसातून दोनदा लांबवर उडत जाण्यात साठवलेली चरबी खर्च होते. म्हणून निरीक्षकाने भरतीनंतर लगेच परत फिरू नये. अशा तळ्याकाठी आडोशाला बसावे, जाती आणि संख्या वहीत टिपून घ्याव्यात, कोणाच्या पायात कडे किंवा रंगीत पट्टी दिसली तर रंगांचा क्रम आणि अक्षरे नोंदवून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवावीत.

तेथे शेकडो पक्षी वाऱ्याकडे तोंड करून, कित्येक एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून उभे असतात. तास-दीड तास फारशी हालचाल होत नाही. मग एखादा चिखल्या पंख ताणतो, दोन-चार टिलवे कडेला धावतात, आणि आपल्याला कांदळवनापलीकडचे काहीही दिसत नसताना सगळा थवा एकदम उठून खाडीकडे वळतो. तेथे पहिला हातभर चिखल उघडा पडलेला असतो.